भारत–युरोप गुंतवणूक संरक्षण करार: हमी कोणाला आणि भुर्दंड कोणाला?

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ता)

भारत आणि युरोपीय संघ यांच्या वाटाघाटी जून २०२२ मध्ये नव्याने सुरू झाल्या तेव्हा त्या तीन वेगवेगळ्या करारांसाठी होत्या: एक व्यापाराचा, दुसरा गुंतवणुकीच्या संरक्षणाचा आणि तिसरा भौगोलिक निर्देशांकांचा, म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालाच्या नावांच्या संरक्षणाचा. पहिल्याविषयी वर्तमानपत्रांत भरभरून येते, कारण मोटारी, वाइन, कापड यांच्यावरचे आयातशुल्क किती उतरणार हा प्रश्न सर्वांना समजतो. दुसऱ्याकडे फारसे कोणी पाहत नाही. माझ्या मते आपल्या खिशाशी आणि आपल्या सरकारला मोकळेपणाने निर्णय घेता येतील की नाही या प्रश्नाशी या दुसऱ्या कराराचा संबंध अधिक जवळचा आहे, म्हणून हा धागा काढला आहे.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अशा करारात दोन देश एकमेकांना वचन देतात की तुमच्या गुंतवणूकदाराची मालमत्ता आम्ही भरपाई दिल्याशिवाय काढून घेणार नाही, त्याला न्याय्य वागणूक देऊ, त्याला नफा मायदेशी नेऊ देऊ. आणि हे वचन आमच्याकडून मोडले गेले, तर त्या गुंतवणूकदाराला थेट आंतरराष्ट्रीय लवादापुढे आमच्यावर दावा लावता येईल. वचन दोन सरकारांमधले असते, पण दाव्याचा हक्क गुंतवणूकदाराला मिळतो. सरकारला सहसा त्याच्यावर उलट दावा लावता येत नाही, आणि प्रकल्पाच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या माणसाचा तर करारात उल्लेखही नसतो.

हे मी कागदावरून बोलत नाही. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरले की वाशिष्ठीच्या खाडीच्या तोंडाशी वेलदूर आणि अंजनवेल ही गावे लागतात, आणि त्यांच्या वरच्या सड्यावर तो वीजप्रकल्प उभा आहे. जून १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकन ऊर्जा कंपनीच्या दाभोळ प्रकल्पाचा सामंजस्य करार झाला. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या दोन अमेरिकन कंपन्या तिच्या भागीदार होत्या. वीज लागो वा न लागो, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने पैसे भरायचेच, तेही डॉलरच्या भावाशी बांधलेले, अशी खरेदीची रचना होती. मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली आणि दोनच वर्षांत, मे २००१ मध्ये, दर परवडेनासा झाल्यामुळे मंडळाने ती घेणे थांबवले. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत निघाली.

आता पुढचे पाहा. भारत आणि अमेरिका यांच्यात गुंतवणूक संरक्षणाचा असा करार नव्हता. तरीही जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांनी भारत सरकारला लवादापुढे खेचले, कारण त्यांचे भागभांडवल मॉरिशसमधील कंपन्यांच्या नावावर होते आणि मॉरिशसशी आपला करार होता. तो करार १९९८ चा आहे, म्हणजे प्रकल्प ठरल्यानंतर सहा वर्षांनी झालेला. २००५ मध्ये तडजोड झाली, कंपन्या पैसे घेऊन बाहेर पडल्या आणि प्रकल्प सार्वजनिक कंपन्यांच्या पुढाकाराने उभ्या केलेल्या नव्या कंपनीकडे आला. त्याच प्रकल्पाला विरोध करणाऱ्या वेलदूरच्या मच्छीमारांच्या वाट्याला १९९७ मध्ये जमावबंदी, लाठ्या आणि अटक आली. ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ मध्ये त्यावर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. त्या बायकामाणसांसाठी कोणत्याही करारात एक ओळ नव्हती.

२०१६ पासून भारताने जुने बहुतेक करार संपुष्टात आणले आणि नवा नमुना मसुदा स्वीकारला. त्यात गुंतवणूकदाराने आधी पाच वर्षे भारतीय न्यायालयांत दाद मागावी अशी अट आहे आणि कराचे विषय लवादाच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. युरोपला ही चौकट अर्थातच पसंत नाही. माझे म्हणणे असे की या चौकटीतून आपण मागे सरकू नये, आणि मसुदा स्वाक्षरीपूर्वी संसदेपुढे व राज्यांपुढे यावा, कारण भुर्दंड बसतो तेव्हा तो ज्यांच्यावर बसतो त्यांना आजवर कोणी विचारलेलेच नाही.

मसुदाकार

मी गेली वीस वर्षे कंपन्यांच्या करारांचे मसुदे करतो, त्यामुळे माझा कल कोणीकडे असेल हे उघड आहे. तरीही धागाकर्त्यांनी दाभोळचा दोष चुकीच्या दारात ठेवला आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते. दाभोळमध्ये महाराष्ट्राला बुडवले ते वीजखरेदी कराराने, आणि त्यावर सह्या आपल्याच मंडळाच्या, हमी आपल्याच राज्य सरकारची आणि प्रतिहमी केंद्राची होती. मॉरिशसचा करार नसता तरी खरेदी करारातील लवादाचे कलम, बँकांची कर्जे आणि हम्या यांतून आपली सुटका झाली नसती.

आता दुसरी बाजू. व्होडाफोनने २००७ मध्ये हचिसनचा भारतातील दूरध्वनी व्यवसाय परदेशात झालेल्या समभाग व्यवहारातून विकत घेतला. कर लागतो की नाही यावर खटला चालला आणि जानेवारी २०१२ मध्ये आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लागत नाही. त्यानंतर काही महिन्यांतच संसदेने १९६२ पासून लागू होणारी पूर्वलक्षी दुरुस्ती करून तो निकाल निष्प्रभ केला. सर्वोच्च न्यायालयात जिंकलेल्या माणसाने यानंतर कोणाकडे जायचे? व्होडाफोन नेदरलँड्सच्या करारान्वये गेली आणि सप्टेंबर २०२० मध्ये जिंकली. याच पूर्वलक्षी कराच्या फेऱ्यात सापडलेली केर्न ही ब्रिटिश तेलकंपनी ब्रिटनच्या करारान्वये गेली आणि डिसेंबर २०२० मध्ये जिंकली. केर्नला १.२ अब्ज डॉलर आणि त्यावरील व्याज मंजूर झाले. ते देण्याची टाळाटाळ झाली तेव्हा जुलै २०२१ मध्ये पॅरिसमधील भारत सरकारच्या सुमारे वीस मालमत्तांवर फ्रेंच न्यायालयाच्या आदेशाने टाच आली. ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने ती पूर्वलक्षी तरतूद मागे घेतली. माझ्या व्यवसायातील एकही माणूस मला असा भेटलेला नाही, ज्याला ही तरतूद चांगली होती असे वाटते. पण ती काढून टाकायला नऊ वर्षे आणि परदेशी लवादाचे दोन निवाडे लागले.

ऑस्ट्रेलियाच्या व्हाइट इंडस्ट्रीजचे प्रकरण याहून बोलके आहे. पिपरवार कोळसा खाणीच्या कामावरून कोल इंडियाशी झालेल्या तंट्यात तिला २००२ मध्ये निवाडा मिळाला. त्याची अंमलबजावणी भारतीय न्यायालयांत नऊ वर्षे अडकून पडली, आणि अखेर २०११ मध्ये लवादाने भारतालाच जबाबदार धरले, कारण दाद मागण्याचे परिणामकारक साधन आपण तिला दिले नव्हते. अशा न्यायव्यवस्थेत पाच वर्षे घालवा असे युरोपातील गुंतवणूकदाराला सांगायचे आणि वर गुंतवणूकही मागायची, हे कसे जमावे?

आणि संरक्षण एकतर्फी नसते, हे आपण विसरतो. वॉर्सॉच्या विमानतळावरील दुकानांच्या जागा काढून घेतल्या म्हणून फ्लेमिंगो या भारतीय कंपनीने भारत–पोलंड करारान्वये पोलंडवर दावा लावला आणि २०१६ मध्ये सुमारे पावणेदोन कोटी युरोंची भरपाई मिळवली. पुण्याच्या भारत फोर्जने २००४ मध्ये जर्मनीतील जुना फोर्जिंग उद्योग घेतला. टाटा स्टीलचा मोठा कारखाना नेदरलँड्समध्ये आयमाउडेनला आहे. २०१६ नंतर आपण जर्मनी आणि नेदरलँड्स यांच्याशी असलेले करार संपवले, तेव्हा तिथे नव्याने जाणाऱ्या भारतीय भांडवलाचे छत्रही आपणच काढून घेतले.

आकडेमोड

मसुदाकारांच्या प्रतिसादात एक गृहीतक न तपासता आले आहे, ते म्हणजे करार नसेल तर गुंतवणूक येत नाही. भारताने २०१६–१७ मध्ये पन्नासाहून अधिक करार संपवण्याच्या नोटिसा दिल्या. त्यानंतर २०२१–२२ मध्ये देशात सुमारे ८५ अब्ज डॉलरची ढोबळ थेट परदेशी गुंतवणूक आली, जी तोवरची सर्वांत मोठी होती. ब्राझीलने १९९० च्या दशकात चौदा करारांवर सह्या केल्या आणि त्यांतील एकालाही संसदेची मंजुरी दिली नाही. तरीही लॅटिन अमेरिकेत परदेशी भांडवल सर्वाधिक खेचणाऱ्या देशांत तो कायम राहिला. कारखाना काढणारा माणूस बाजारपेठ, बंदर, वीज, जमीन आणि कुशल कामगार पाहून येतो.

अर्थात हाच आकडा उलटा वापरणारेही भेटतील. २०२४–२५ मध्ये ढोबळ गुंतवणूक ८१ अब्जांच्या आसपास असूनही निव्वळ आवक एका अब्जाच्या आत आली, कारण आधीच्या गुंतवणूकदारांनी मोठ्या रकमा परत नेल्या आणि भारतीय कंपन्यांनी बाहेर गुंतवणूक केली. करार नसल्यामुळे हे घडले, असे सिद्ध करता येत नाही. करार असता तर थांबले असते, असेही नाही. ज्या वस्तूचा लाभ मोजता येत नाही आणि खर्च मात्र लवादाच्या निवाड्यात स्पष्ट आकड्यांत लिहून येतो, ती विकत घेताना हात आखडता ठेवावा, एवढेच मी म्हणेन. भागभांडवलाच्या रूपाने आलेल्या त्या वर्षीच्या गुंतवणुकीपैकी सुमारे ३९ टक्के महाराष्ट्रात नोंदली गेली आहे, त्यामुळे या प्रश्नावर सर्वांत जास्त लक्ष आपल्या राज्याचे असायला हवे.

चाकणचा पुरवठादार

मी अर्थशास्त्रज्ञ नाही आणि वकीलही नाही. चाकणला माझे छोटे प्रेस शॉप आहे. पत्र्याचे ब्रॅकेट आणि मोटारीच्या सीटखालचे भाग आम्ही करतो. वरच्या चर्चेत सरकार आहे, कंपनी आहे, मच्छीमारही आहेत. पण कंपनीच्या पोटावर जगणारे आमच्यासारखे शेकडो व्हेंडर कुठेच दिसले नाहीत, म्हणून लिहितो.

काही वर्षांपूर्वी माझे साठ टक्के काम एकाच ग्राहकाकडून येत होते. त्याची मूळ कंपनी परदेशी होती. दर महिन्याच्या पंचविशीत पुढच्या महिन्याचे शेड्यूल यायचे आणि त्यावर पत्रा उचलायचा, शिफ्ट लावायची, असा आमचा महिना चालायचा. एका महिन्यात शेड्यूल आलेच नाही. चौकशी केली तेव्हा एका पानाचे ईमेल आले की मूळ कंपनीने या बाजारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला आहे. त्यांच्या नव्या मॉडेलसाठी मी सहकारी बँकेचे कर्ज काढून अकरा डाय, म्हणजे पत्रा दाबून भाग घडवायचे साचे, बनवल्या होत्या. त्या डाय दुसऱ्या कोणत्याही गाडीला चालत नाहीत. ग्रीस लावून, ताडपत्रीखाली त्या आजही माझ्या शेडच्या मागच्या भिंतीला उभ्या आहेत, आणि मी रोज सकाळी गाडी लावतो ती त्यांच्या समोरच. सव्वीसपैकी अकरा माणसे मला कमी करावी लागली. थकलेल्या बिलांसाठी मी लघुउद्योगांच्या सुविधा परिषदेकडे अर्ज केला. कायद्याने पैसे पंचेचाळीस दिवसांत मिळायला हवेत. मला त्याच्या कित्येक पट काळ लागला आणि पूर्ण रक्कम आलीच नाही.

एवढे होऊनही मी कराराच्या बाजूचा आहे. कारण सरळ आहे. मोठा कारखाना येतो तेव्हा त्याच्यामागे माझ्यासारखे शंभर शेडवाले उभे राहतात, टेम्पोवाले उभे राहतात, खानावळी उभ्या राहतात. तो येण्याआधी परदेशातील मुख्य कार्यालयात कोणीतरी एक माणूस बसून भारताचे धोके मोजत असतो. त्याच्या कागदावर कायदेशीर संरक्षण नाही असे लिहिले गेले, तर तो व्हिएतनामकडे पाहतो. युरोपीय संघाचा व्हिएतनामशी असा करार झालेला आहे. धागाकर्ते म्हणतात तसा भुर्दंड पडत असेलही, पण काम न येण्याचा भुर्दंड कोण मोजतो? तो कोणत्याही निवाड्यात लिहून येत नाही.

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ता)

तुमचे लिहिणे मी दोनदा वाचले. त्या अकरा डायांचे काय झाले हे तुम्ही लिहिले नसते, तर माझा धागा अपुराच राहिला असता. पण तुमच्याच अनुभवातून माझा मुद्दा निघतो असे मला वाटते. हा करार सरकारला बांधतो, गुंतवणूकदाराला थांबण्यासाठी बांधत नाही. तुमचा ग्राहक ज्या दिवशी गेला त्या दिवशी करार अस्तित्वात असता तरी तो गेलाच असता, उलट भांडवल बाहेर नेण्याचा त्याचा हक्क करारानेच पक्का केला असता. सरकारने त्याचे काही पाऊल अडवले असते, तर त्याला लवादाकडे जाता आले असते. त्याने तुमचे पैसे अडवले तेव्हा तुम्हाला सुविधा परिषदेच्या रांगेत उभे राहावे लागले.

गुंतवणूक हवी असेल तर ती थेट मागण्याचा एक प्रकार आपण केलेला आहे. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन यांच्याशी मार्च २०२४ मध्ये स्वाक्षरी झालेला आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेला करार पाहा. त्यात पंधरा वर्षांत १०० अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि दहा लाख थेट नोकऱ्या यांचे उद्दिष्ट लिहिले आहे, आणि ते गाठले गेले नाही तर ठरलेल्या प्रक्रियेनंतर भारताला आपल्या शुल्कसवलती मागे घेता येतात. गुंतवणूकदाराला आपल्या सरकारवर दावा लावण्याचा हक्क त्यात दिलेला नाही. ते उद्दिष्ट प्रयत्नांच्या भाषेत आहे, हे मला मान्य आहे, आणि खाजगी कंपन्यांनी किती पैसे आणावेत हे चार सरकारे ठरवू शकत नाहीत हेही खरे. तरी देवाणघेवाण निदान समोरासमोर मांडलेली आहे.

मसुदाकारांना एक विचारतो. पूर्वलक्षी करामुळे सतरा प्रकरणांत मागणी निघाली होती. समजा तशाच एखाद्या कायद्याचा फटका उद्या इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला बसला, तर त्याने कोणत्या लवादाकडे जावे? राज्य चुकले तर न्याय सर्वांना मिळावा. ज्याच्याजवळ परदेशी पत्ता आहे त्याच्यासाठी वेगळा दरवाजा, आणि तो पत्ता मॉरिशसमध्ये कागदावर उभा करता येतो, ही रचना मला मान्य होत नाही.

हांबुर्गवासी

मी मूळचा सांगलीचा आणि बारा वर्षांपासून हांबुर्गला राहतो. आपल्याकडे असा समज दिसतो की या करारांत श्रीमंत देश जिंकतात आणि आपल्यासारखे हरतात. इथले एक उदाहरण सांगतो. एल्बे नदीच्या काठी मोअरबुर्ग येथे व्हाटेनफाल या स्वीडनच्या सरकारी मालकीच्या कंपनीने कोळशावरचे वीजकेंद्र बांधायला घेतले. नदीचे पाणी किती घ्यायचे आणि किती गरम करून परत सोडायचे, यावर शहराने अटी घातल्या. त्या अटींमुळे प्रकल्पाचे मोल घटते म्हणून कंपनीने २००९ मध्ये ऊर्जा सनद करारान्वये, म्हणजे ऊर्जाक्षेत्रातील गुंतवणुकीला संरक्षण देणाऱ्या बहुराष्ट्रीय करारान्वये, जर्मनीवर सुमारे १.४ अब्ज युरोंचा दावा लावला. तडजोड झाली आणि अटी सैल करण्यात आल्या. पुढे २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने याच केंद्राच्या परवानगीवरून जर्मनीला दोषी धरले, कारण एल्बेतील माशांच्या संरक्षणाचे नियम पाळले गेले नव्हते. एका बाजूने कंपनीचा दावा आणि दुसऱ्या बाजूने मासे, यांच्यामध्ये सरकार सापडले. २०१५ मध्ये सुरू झालेले ते केंद्र २०२१ मध्ये बंदही झाले.

त्याच कंपनीने अणुवीज बंद करण्याच्या जर्मनीच्या निर्णयावरही लवादात दावा केला, आणि २०२१ च्या समझोत्यात तिला सुमारे १.४ अब्ज युरो मिळाले. या अनुभवानंतर जर्मनी आणि फ्रान्स २०२३ मध्ये ऊर्जा सनद करारातून बाहेर पडले. युरोपात या विषयावर रस्त्यावर मोर्चे निघाले आहेत. तेव्हा नफा-तोट्याची रेघ देशांच्या सीमेवरून जात नाही, ती देशाच्या आतून जाते. स्वीडनच्या कंपनीला पैसे मिळाले, ते जर्मन करदात्याकडून. वाशिष्ठीच्या मुखावरचे कोळी आणि एल्बेवरचे मासेमारीचे परवानेधारक या बाबतीत एकाच बाजूला आहेत. भारताने युरोपशी बोलताना युरोपच्याच या अनुभवाचा दाखला टेबलावर ठेवायला हवा.

मसुदाकार

हांबुर्गवासींचे उदाहरण वजनदार आहे आणि ते मी मान्य करतो. मात्र ते जुन्या पिढीच्या करारांचे उदाहरण आहे. न्याय्य वागणूक या दोन शब्दांत लवादाला वाटेल ते बसवता येत होते, आणि व्हाइट इंडस्ट्रीजला तर भारत–ऑस्ट्रेलिया करारात नसलेले कलम सर्वाधिक अनुकूल राष्ट्राच्या तरतुदीच्या, म्हणजे एका देशाच्या गुंतवणूकदाराला दिलेली सवलत दुसऱ्यालाही द्यावी या वचनाच्या, आधारे भारत–कुवेत करारातून उसने घेता आले. आता युरोप स्वतः जे मागतो ते वेगळे आहे. कॅनडा, सिंगापूर आणि व्हिएतनाम यांच्याशी केलेल्या करारांत कायमस्वरूपी न्यायाधीशांचे गुंतवणूक न्यायालय आहे, अपिलाची सोय आहे, सुनावणी खुली आहे, आणि आरोग्य व पर्यावरणासाठी नियम करण्याचा सरकारचा हक्क स्पष्ट शब्दांत राखलेला आहे. दोन्ही बाजूंनी एकेका वकिलाची निवड करून बंद खोलीत निवाडा करण्याची जुनी पद्धत आणि ही पद्धत यांत मला मोठे अंतर दिसते.

धागाकर्त्यांच्या यंत्रमागवाल्याच्या प्रश्नाला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. एवढेच म्हणेन की २०२१ मध्ये तो कायदा गेला तेव्हा तो सर्वांसाठीच गेला. परदेशी माणसासाठी उघडलेल्या दाराने आतली हवा थोडी बदलली.

पाच वर्षांच्या अटीविषयी माझे मत बदललेले नाही. संयुक्त अरब अमिरातीशी फेब्रुवारी २०२४ मध्ये केलेल्या आणि त्याच वर्षी ३१ ऑगस्टपासून लागू झालेल्या करारात आपण स्वतःच ती तीन वर्षांवर आणली, आणि कारखाना न काढता नुसत्या समभागांत केलेल्या गुंतवणुकीलाही संरक्षण दिले. अमिरातीला दिलेले युरोपला नाकारण्याचे कारण कोणते? शिवाय करार संपवल्याने आपण मोकळे झालो, हाही भ्रम आहे. नेदरलँड्सचा करार १ डिसेंबर २०१६ ला संपला, तरी त्याआधीच्या गुंतवणुकीला त्यातील कलमानुसार पुढची पंधरा वर्षे, म्हणजे नोव्हेंबर २०३१ अखेरपर्यंत, जुने संरक्षण चालूच आहे. जुना ढिसाळ मसुदा अजून पाच-सहा वर्षे डोक्यावर ठेवण्यापेक्षा नवा नीट लिहिलेला करार त्याच्या जागी आणणे भारताच्याच हिताचे आहे.

आकडेमोड

शेवटचा मुद्दा मला पटला. नव्या करारात जुन्याचे उरलेले संरक्षण रद्द होते असे स्पष्ट कलम असेल, तरच तो हिशेब जुळतो. नाहीतर गुंतवणूकदाराच्या हाती दोन्ही कागद राहतील आणि तो सोयीचा वापरील.

चाकणचा पुरवठादार

धागाकर्त्यांचे म्हणणे मला आधी टोचले, कारण ते खरे होते. करार असता तरी माझा ग्राहक गेला असता. मला एवढेच कळते की जाणाऱ्याला आपले भांडवल नेण्याची हमी देणार असाल, तर जाण्याआधी इथल्या पुरवठादारांची आणि कामगारांची देणी चुकती झाली पाहिजेत, ही ओळ त्याच कलमात यावी. हे मागणे अवाजवी आहे का, ते मसुदाकारांनी सांगावे.

मसुदाकार

अजिबात अवाजवी नाही. पैसे बाहेर नेण्याच्या हक्काला धनकोंचे संरक्षण, दिवाळखोरी आणि कामगारांची देणी यांविषयीच्या देशी कायद्यांच्या अधीन ठेवणारी भाषा अनेक करारांत असते आणि भारताच्या नमुना मसुद्यातही त्या वळणाची तरतूद आहे. लहान पुरवठादारांचा उल्लेख त्यात नावाने करून घेणे अवघड नाही. कोणीतरी तो मागायला हवा. गुंतवणूकदाराच्या सामाजिक जबाबदारीचे कलम मात्र आपल्या मसुद्यात ऐच्छिक ठेवलेले आहे. मोरोक्को आणि नायजेरिया यांच्यात २०१६ मध्ये स्वाक्षरी झालेल्या करारात याच्या पुढचे पाऊल आहे: गुंतवणूकदाराच्या कृत्याने यजमान देशात मोठी हानी किंवा जीवितहानी झाली, तर त्याच्या मायदेशातील न्यायालयात त्याच्यावर दिवाणी दावा लावता येईल असे त्यात लिहिले आहे.

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ता)

या चर्चेत माझी एक बाजू हलली हे मोकळेपणाने सांगतो. अमिरातीला तीन वर्षे दिल्यानंतर युरोपसमोर पाच वर्षांवर अडून बसणे टिकणार नाही, आणि जुन्या करारांचे २०३१ पर्यंतचे शेपूट कापून मिळत असेल तर तीन वर्षे मान्य करावीत असे मलाही आता वाटते.

दोन गोष्टींवर मात्र मी ठाम आहे. परराष्ट्र करार करण्यासाठी आपल्याकडे संसदेची पूर्वसंमती लागत नाही. दाभोळमध्ये वीज घेणे राज्याच्या मंडळाने थांबवले आणि लवादात उभे राहावे लागले केंद्राला; उद्या जमीन, पाणी, वीज यांवरचा निर्णय पुन्हा एखादे राज्यच घेईल. परराष्ट्र व्यवहारविषयक संसदीय स्थायी समितीने सप्टेंबर २०२१ मध्ये या करारांवर स्वतंत्र अहवाल दिला होता, म्हणजे समितीला विषय नवा नाही. युरोपबरोबरचा मसुदा सही होण्याआधी त्या समितीपुढे आणि राज्यांपुढे ठेवला जावा.

दुसरी गोष्ट मोरोक्को–नायजेरियाच्या कलमाची. असे कलम आपण मागितले तर युरोपला ते जड वाटण्याचे कारण नाही, कारण त्यांच्याच न्यायालयाने ती वाट दाखवलेली आहे. नायजेरियातील चार शेतकऱ्यांनी शेल कंपनीच्या नळांतून झालेल्या तेलगळतीबद्दल २००८ मध्ये नेदरलँड्समध्ये दावा लावला. त्यांची शेते आणि मासळीची तळी तेलाखाली गेली होती. जानेवारी २०२१ मध्ये हेगच्या अपील न्यायालयाने शेलच्या नायजेरियातील उपकंपनीला भरपाईसाठी जबाबदार धरले. तोवर तेरा वर्षे गेली होती आणि मूळ शेतकऱ्यांपैकी दोघे हयात नव्हते; पुढे त्यांची मुले तो खटला चालवत होती. गुंतवणूकदाराने तीन वर्षे थांबावे की पाच, यावर दिल्ली आणि ब्रुसेल्स यांचे अधिकारी खल करत असतील, तेव्हा ही तेरा वर्षेही त्यांच्यासमोरच्या कागदावर लिहिलेली असावीत.